वाटीत काय घालायचे?

वर्गात एकदा विचारून पाहा, ‘कोणाकोणाच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे? त्याला खायला काय देता?’ उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कुत्र्याला शिळी पोळी, भाकरी, उरलेला भात, कधीमधी हाडूक. मांजराला दूध, दूधभात, दूधपोळी. समुद्राकाठच्या गावात माशांची डोकी. दोन-चार मुले पिशवीतून मिळणाऱ्या तयार गोळ्यांचे नाव सांगतात. मग पुढचा प्रश्न विचारावा, ‘हेच त्याचे योग्य अन्न, हे कोणी आणि कसे ठरवले?’ इथे वर्ग थोडा वेळ गप्प होतो. नंतर कोणीतरी म्हणते, ‘ते आवडीने खाते म्हणजे योग्यच असणार.’ दुसरे कोणी म्हणते, ‘आम्ही जे खातो तेच देतो. आम्हाला चालते तर त्याला का नाही चालणार?’

ही दोन्ही उत्तरे मुलांचीच आहेत असे नाही. मोठ्यांचीही तीच असतात, आणि शास्त्रज्ञांचीही बराच काळ काहीशी अशीच होती. ती कुठे चुकतात हे कळायला पावणेदोनशे वर्षे लागली. या काळात कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या खाण्यात काय कमी पडते ते शोधताना माणसाला स्वतःच्या ताटाबद्दलही बरेच कळले. तो इतिहास आम्ही इथे थोडक्यात सांगणार आहोत.

साखर खाणारा कुत्रा

1816 साल. पॅरिसमधले शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजँदी यांच्यापुढे एक प्रश्न होता. प्राण्यांच्या शरीरात, विशेषतः स्नायूंमध्ये, नायट्रोजन भरपूर असतो. हा नायट्रोजन येतो कुठून? हवेत सुमारे चार पंचमांश नायट्रोजनच असतो. मग श्वासावाटे तो शरीरात जाऊन मुरतो, की अन्नातूनच यावा लागतो?

माजँदींनी साधी युक्ती केली. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात, नायट्रोजन नसतो. त्यांनी तीन वर्षांचा एक लहानसा, धष्टपुष्ट कुत्रा घेतला आणि त्याला फक्त साखर आणि ऊर्ध्वपातित पाणी दिले, दोन्ही हवे तितके. पहिला आठवडा कुत्रा मजेत होता. साखर आवडीने खात होता. दुसऱ्या आठवड्यात भूक चांगली असूनही तो वाळू लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याची शक्ती गेली, भूक मंदावली आणि डोळ्यांच्या पारदर्शक पडद्यावर व्रण पडले. सुमारे महिन्याभरात तो मेला. ऑलिव्हचे तेल, डिंक आणि लोणी यांवर ठेवलेल्या कुत्र्यांचीही जवळपास हीच गत झाली.

माजँदींचा निष्कर्ष असा, की शरीराला लागणारा नायट्रोजन हवेतून नव्हे, अन्नातूनच मिळाला पाहिजे. हा निष्कर्ष बरोबर होता. पण त्या प्रयोगात आणखीही काही दडलेले होते. साखरेत नुसता नायट्रोजनच नव्हता असे नाही. तिच्यात जीवनसत्त्वे नव्हती, खनिजे नव्हती, आवश्यक स्निग्ध पदार्थही नव्हते. डोळ्यावरचे व्रण हे जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावाचे लक्षण असावे असे आज मानले जाते. पण ‘जीवनसत्त्व’ ही कल्पनाच जन्माला यायला अजून शंभर वर्षे होती. लक्षण डोळ्यांसमोर होते, त्याचे नाव मात्र नव्हते.

पुढे पॅरिसमध्ये एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. हाडे उकळून काढलेल्या जिलेटिनचे सार गरिबांना आणि रुग्णालयांतल्या रुग्णांना दिले जात होते. जिलेटिनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणजे ते मांसासारखेच पौष्टिक, असा हिशेब होता. याची तपासणी माजँदी ज्या समितीचे प्रमुख होते त्या समितीने केली आणि 1841 मध्ये अहवाल दिला. नुसत्या जिलेटिनवर कुत्रे जगत नाहीत, असे तिला आढळले. म्हणजे नायट्रोजन हवा, पण कोणताही चालत नाही. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचे एक आवश्यक अमिनो आम्ल नसते, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. नायट्रोजनची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

हे प्रयोग वाचताना मन अस्वस्थ होते, आणि व्हायलाच हवे. माजँदींच्या काळातही इंग्लंडमध्ये त्यांच्या प्रयोगांवर संतापाची लाट उसळली होती. प्राण्यांवरील प्रयोगांना बंधने घालणारा कायदा ब्रिटनमध्ये 1876 साली झाला. आपल्याकडे 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद आहे. पुढे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, की आपल्या पाठ्यपुस्तकातल्या ‘संतुलित आहार’ या धड्यामागे अनेक मुक्या प्राण्यांचे हाल आहेत.

बिस्किटे आणि डबे

प्रयोगशाळेत हे चालले असताना घरोघरच्या कुत्र्यांना मात्र उष्टे-खरकटे आणि खाटकाकडचे तुकडे मिळत होते. ‘कुत्र्याचे अन्न’ म्हणून वेगळी वस्तू बाजारात आली ती 1860 च्या सुमारास लंडनमध्ये. जेम्स स्प्रॅट नावाचे अमेरिकन गृहस्थ विजेपासून इमारतीचे रक्षण करणारे तडितनिवारक विकण्यासाठी तिथे गेले होते. गोदीत खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटे भटके कुत्रे खाताना पाहून त्यांना कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, त्यांची बिस्किटे खरी होती. गहू, बीट आणि इतर भाज्या, वाळवलेले मांस असे त्यात असल्याचे सांगितले जाई. ती शिकारी कुत्रे पाळणाऱ्या श्रीमंतांमध्ये चांगली खपली. चार्ल्स क्रफ्ट नावाचा तरुण याच कंपनीत काम करत असे. 1891 मध्ये त्याने स्वतःच्या नावाने सुरू केलेले कुत्र्यांचे प्रदर्शन आजही भरते.

अमेरिकेत 1922 मध्ये घोड्याच्या मांसाचे डबे कुत्र्यांसाठी विकायला आले. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि ट्रॅक्टर वाढले आणि घोडे बिनकामाचे झाले, त्यामुळे हे मांस स्वस्त होते. दुसऱ्या महायुद्धात कथिल आणि पत्रा सैन्यासाठी लागू लागल्यावर डबे मागे पडले आणि कोरडे अन्न पुढे आले. 1950 च्या दशकात धान्य आणि मांस यांचा लगदा उष्णता आणि दाब देऊन छिद्रातून काढायचे यंत्र या कामी लावण्यात आले. आपल्याकडे कुरकुरे ज्या तत्त्वावर फुलतात तेच हे तत्त्व. आजच्या पिशवीतल्या गोळ्या त्या यंत्राच्या वारस आहेत.

या साऱ्या व्यवसायात ‘काय स्वस्त आहे’, ‘काय टिकते’ आणि ‘कुत्रा काय आवडीने खातो’ हे तीन प्रश्न आधी विचारले गेले. ‘त्याला नेमके काय लागते’ हा प्रश्न मागाहून आला. त्याचे उत्तर मिळू लागले ते आजारी प्राण्यांकडून.

सिंहाचे छावे आणि कुत्र्याची पिल्ले

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे जगत नसत. त्यांची हाडे वाकत, पाय लुळे पडत. त्यांना मुडदूस होत होता. 1889 मध्ये शल्यचिकित्सक जॉन ब्लँड-सटन यांनी त्यांच्या खाण्यात लक्ष घातले. छाव्यांना घोड्याचे चरबी नसलेले मांस मिळत असे. घोड्याची टणक हाडे त्यांना फोडता येत नसत. ब्लँड-सटन यांनी चुरलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल सुरू केले. काही महिन्यांत छावे सुधारले.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. सिंह मांसाहारी, आणि त्याला मांसच दिले जात होते, तरी तो आजारी पडला. कारण जंगलातला सिंह ‘मांस’ खात नाही, तो ‘प्राणी’ खातो. त्यात स्नायू असतात, तसेच हाडे, यकृत, चरबी आणि रक्तही असते. खाटकाने साफ करून दिलेला तुकडा म्हणजे हरिण नव्हे.

तीस वर्षांनी, 1919 मध्ये, लंडनमध्येच एडवर्ड मेलनबी यांनी मुडदुसाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत त्या काळी मुडदूस झालेली मुले सर्रास दिसत. मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्ले घरात ठेवून त्यांना गरिबांच्या घरातल्यासारखा आहार दिला: पाव, ओटची लापशी, थोडे दूध. पिल्लांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले की तो होत नसे. हे तेल त्यातल्या जीवनसत्त्व ‘अ’मुळे काम करत असावे असे मेलनबींना वाटले. 1922 मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम आणि सहकाऱ्यांनी ते तेल तापवून त्यात हवा खेळवली. त्यातले ‘अ’ नष्ट झाले, तरी तेल मुडदूस बरा करतच राहिले. म्हणजे तेलात दुसरेच काही होते. त्याला त्यांनी जीवनसत्त्व ‘ड’ म्हटले.

याला एक शेपूट आहे. माणसाच्या कातडीत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ‘ड’ तयार होते, हे आपण मुलांना शिकवतो. कुत्र्याला आणि मांजराला मात्र ते कातडीत पुरेसे तयार करता येत नाही, हे 1990 च्या दशकातल्या संशोधनाने दाखवले. त्यांना ते अन्नातूनच मिळवावे लागते. पिल्लू दिवसभर उन्हात लोळले म्हणून त्याची हाडे मजबूत होत नाहीत. माणसाचा नियम त्याला लागू नाही.

काळी जीभ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले होते. कातडीवर चट्टे, अतिसार आणि शेवटी बुद्धिभ्रंश अशी त्याची लक्षणे. रोग संसर्गजन्य आहे असे बहुतेकांचे मत होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो आहाराचा दोष आहे हे दाखवून दिले. मका, काकवी आणि डुकराची चरबी यांवर दिवस काढणाऱ्या गरिबांनाच तो होत होता.

त्याच भागातल्या कुत्र्यांना एक रोग होत असे. त्यांचे तोंड सुजे, जीभ काळी पडे आणि कुत्रा मरे. लोक त्याला ‘काळी जीभ’ म्हणत. 1920 च्या दशकात गोल्डबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कळले, की पेलाग्रा झालेल्यांच्या जेवणासारखे अन्न दिले तर कुत्र्याची जीभ काळी पडते आणि यीस्ट दिले की तो बरा होतो. मालक आणि कुत्रा एकाच ताटातले जेवत होते आणि एकाच कमतरतेने आजारी पडत होते. गोल्डबर्गर 1929 मध्ये वारले. यीस्टमधला गुणकारी पदार्थ कोणता, हे त्यांना कळले नाही. 1937 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कॉनरॅड एल्व्हेयम यांच्या गटाने यकृतातून तो वेगळा काढला आणि त्याने कुत्र्याची काळी जीभ बरी केली. तो होता निकोटिनिक आम्ल, म्हणजे आजचे नायसिन. लवकरच त्याने माणसांचा पेलाग्राही बरा होऊ लागला.

ही गोष्ट आपल्या दख्खनपर्यंतही येते. इथे मका नव्हे तर ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा आढळत होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी त्याचा अभ्यास करत होते. हीच संस्था 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. 1965 मध्ये बी. बेळवाडी आणि गोपालन यांनी ज्वारीप्रधान आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ होते, असे प्रसिद्ध केले. ज्वारीत ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल जास्त असल्याने हे घडते, असे त्यांचे म्हणणे होते. या स्पष्टीकरणावर पुढे मतभेद झाले. पण मुद्दा स्पष्ट आहे. दोष भाकरीचा नाही. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, दूध, अंडे यांपैकी काहीच नसण्याचा आहे. मजुराच्या ताटाला हे लागू होते, तसे त्याच्या दारातल्या कुत्र्याच्या वाटीलाही.

मांजराची पाळी

इथवर कुत्र्याने आपल्याला बरेच शिकवले आणि त्याच्या आहाराचे चांगले ज्ञान जमा झाले. मग साहजिकच वाटले, की मांजर म्हणजे छोटा कुत्रा. तेच अन्न कमी प्रमाणात दिले की झाले. मांजराने हा समज खोटा ठरवला.

प्रयोगशाळेतल्या आणि घरच्या काही मांजरांची दृष्टी हळूहळू जात होती. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, झिजत होता. 1975 मध्ये अमेरिकेतील के. सी. हेस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दुधातल्या केसिन या प्रथिनावर वाढवलेल्या मांजरांच्या शरीरात टॉरिन कमी पडते आणि त्यामुळे दृष्टिपटल खराब होते. कुत्र्यांसाठी बनवलेले अन्न खाऊन मांजरे आंधळी झाल्याच्या नोंदीही त्याच दशकात प्रसिद्ध झाल्या.

टॉरिन हा गंधक असलेला एक साधा रेणू. 1827 मध्ये तो बैलाच्या पित्तात सापडला. बैलाच्या लॅटिन नावावरूनच त्याला नाव मिळाले. मांस, मासे, विशेषतः हृदयासारखे अवयव यांत तो भरपूर असतो. धान्ये आणि डाळी यांत जवळजवळ नसतो. गाईच्या दुधातही अगदी थोडा असतो. कुत्रा इतर अमिनो आम्लांपासून टॉरिन तयार करून घेतो. मांजराला तो पुरेसा करता येत नाही. शिवाय पित्तरस बनवण्यासाठी मांजराला टॉरिनच लागतो. आपल्यासारखे दुसऱ्या अमिनो आम्लावर भागवता येत नाही. म्हणजे कमाई कमी आणि खर्च रोजचा. दूधभातावर वाढणारे आणि बाहेर शिकार न मिळणारे मांजर का धोक्यात असते, हे यावरून कळेल. ज्याला उंदीर, पाली, पाखरे मिळतात ते मांजर आपली उणीव स्वतःच भरून काढते. म्हणूनच आपल्या आजीच्या दूधभातावर तिच्या मांजराने आयुष्य काढले. ते फक्त दूधभातावर जगत नव्हते, हे आजीने पाहिले नव्हते इतकेच.

मांजराच्या आणखीही तऱ्हा उजेडात आल्या. गाजरातल्या कॅरोटिनपासून आपण आणि कुत्रा जीवनसत्त्व ‘अ’ बनवतो. मांजर बनवू शकत नाही. ट्रिप्टोफॅनपासून नायसिन तयार करणेही त्याला जवळजवळ जमत नाही. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात जेम्स मॉरिस आणि क्विंटन रॉजर्स यांनी दाखवले, की आर्जिनिन हे अमिनो आम्ल नसलेले एकच जेवण दिले तरी काही तासांत मांजराच्या रक्तात अमोनिया साचतो आणि त्याचा जीव धोक्यात येतो.

यानंतर मांजरांच्या डब्यांत किती टॉरिन असावे याचे प्रमाण ठरले. प्रश्न सुटला असे वाटले. पण हृदयाचे स्नायू पातळ आणि दुबळे होऊन मांजरे मरतच होती. 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायॉन आणि सहकाऱ्यांनी अशा मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असल्याचे दाखवले. टॉरिन दिल्यावर त्यांची हृदये सुधारली. असाध्य मानलेला रोग बरा होऊ लागला. धक्का देणारी गोष्ट ही, की ही मांजरे ठरवून दिलेल्या प्रमाणात टॉरिन असलेले चांगले तयार अन्न खात होती! प्रमाण ठरले होते ते प्रयोगशाळेतल्या शुद्ध आहारावरून. डब्यातले अन्न तापवताना त्यात असे बदल होतात, की आतड्यातले जीवाणू टॉरिन अधिक नष्ट करतात. डब्यात होते तितके मांजराच्या रक्तात पोहोचत नव्हते. उत्पादकांनी प्रमाण वाढवले आणि हा रोग झपाट्याने कमी झाला.

हा फरक आला कुठून?

कुत्रा आणि मांजर दोघेही मांसाहारी गणातले. मग एवढा फरक का? उत्तर त्यांच्या आणि आपल्या एकत्र इतिहासात आहे. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या वस्तीभोवती, त्याच्या उष्ट्यावर वाढला. 2013 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुके ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात बहुधा दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणसाच्या धान्याने कुत्रा आतूनही बदलला. भाकरी पचवणे ही त्याची कमाई आहे.

मांजर आपल्या घरी आले ते धान्याच्या कोठारातल्या उंदरांसाठी. त्याला आपले धान्य नको होते, ते खाणारे उंदीर हवे होते. त्यामुळे त्याचे शरीर शिकाऱ्याचेच राहिले. जे पदार्थ भक्ष्यातून रोज आयते मिळतात ते बनवण्याची यंत्रणा त्याच्या पूर्वजांनी केव्हाच मोडीत काढली होती. 2005 मध्ये असे आढळले, की गोड चव ओळखण्यासाठी लागणारे एक जनुकच मांजरात निकामी झालेले आहे. मांजर दुधाकडे धावते ते गोडीसाठी नव्हे. शिवाय मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात.

नायट्रोजन पुन्हा भेटतो

आता सुरुवातीला राखून ठेवलेल्या गोष्टीकडे येऊ. 1883 मध्ये कोपनहेगनमधील एका मद्यनिर्मिती कंपनीच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी अन्नातला नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. प्रथिनात सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो. म्हणून नायट्रोजनला 6.25 ने गुणले, की प्रथिनाचा अंदाज मिळतो. पिशवीवर ‘प्रथिने’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो बहुधा असाच काढलेला असतो.

मार्च 2007 मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात मांजरे आणि कुत्रे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागले. तयार अन्नाचे लाखो डबे आणि पाकिटे बाजारातून परत घ्यावी लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाईन मिसळलेले होते. मेलामाईन म्हणजे न फुटणाऱ्या ताटल्यांच्या प्लास्टिकसाठी वापरला जाणारा पदार्थ. त्यात वजनाने सुमारे 66 टक्के नायट्रोजन असतो. चिमूटभर मिसळले, की चाचणीत प्रथिने भरपूर दिसतात! त्याच्याबरोबर असलेल्या सायन्युरिक आम्लाशी संयोग होऊन मूत्रपिंडात खडे बनत आणि प्राणी मरत.

पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीत तीच भेसळ सापडली. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, सहा दगावली. कुत्र्या-मांजरांच्या वाटीने एक वर्ष आधी इशारा दिला होता. ‘नायट्रोजन म्हणजे पोषण नव्हे’ हे तर माजँदींच्या समितीला 1841 मध्येच आढळले होते. मोजायला सोपे म्हणून आपण एका गोष्टीलाच पोषण मानतो, आणि कोणीतरी नेमक्या त्याच फटीतून आत शिरतो.

मग वाटीत घालायचे काय?

या इतिहासावरून काही गोष्टी ठामपणे सांगता येतात.

कुत्र्याला पोळी-भाकरी-भात चालतो, पण एकटा नाही. सोबत अंडे, मांस किंवा मासे असावेत. शाकाहारी घरात डाळ, दही, पनीर यांनी कुत्र्याची बरीच गरज भागू शकते; पण काय कमी पडते ते पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे. वाढत्या पिल्लाला नुसते मांस देणेही चूक आहे. सिंहाचे छावे आठवा, त्यांना कॅल्शियम मिळत नव्हते.

मांजराला प्राणिज अन्न किंवा टॉरिन घातलेले तयार अन्न हवेच. इथे शाकाहारी कुटुंबांची अडचण आम्हाला कळते. पण ही अडचण आपल्या श्रद्धेची आहे, मांजराची नाही, आणि तिची किंमत त्याच्या डोळ्यांनी आणि हृदयाने का चुकवावी? घरात मासा-मांस येणे शक्य नसेल तर निदान टॉरिन असलेले तयार अन्न आणावे. तेही नको असेल तर मांजर न पाळता ससा पाळावा, हे अधिक प्रामाणिक. दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. नुसते यकृत रोज दिले तर जीवनसत्त्व ‘अ’ जास्त होऊन मांजराचे मणके जखडतात. काही जातींचे कच्चे मासे सतत दिले तर त्यांतल्या विकराने जीवनसत्त्व ‘ब-1’ नष्ट होते. मासे शिजवले, की हा धोका टळतो.

कांदा, लसूण आणि चॉकलेट दोघांनाही देऊ नये. कुत्र्यांना द्राक्षे आणि बेदाणेही नकोत. आपल्याला निरुपद्रवी असणारे हे पदार्थ त्यांना विषारी ठरतात. आपल्या ताटातला कांदा-लसणाचा रस्सा भाकरीवर ओतून देण्याची सवय म्हणूनच सोडायला हवी.

आणि पिशवीवरच्या ‘संपूर्ण आहार’ या शब्दांचे काय? ते खोटे नसतात, पण त्यांचा अर्थ समजून घ्यावा. ‘आज आपल्याला माहीत असलेल्या यादीप्रमाणे संपूर्ण’ एवढाच तो अर्थ. 1986 सालची यादीही संपूर्णच होती. म्हणून अन्न कोणतेही असो, प्राण्याकडे पाहत राहणे हे आपलेच काम उरते: वजन, केसांची चमक, डोळे, उत्साह, विष्ठा.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. ज्या मुलांच्या घरी प्राणी आहेत त्यांनी आठ दिवस त्याने काय खाल्ले ते लिहून आणावे; घरच्यांनी दिलेले आणि त्याने स्वतः मिळवलेले असे दोन रकाने करावेत. दुसऱ्या रकान्यातला उंदीर, नाकतोडा, शेजारच्यांचा मासा हे विसरू नये. मग त्यातून प्रथिने, कॅल्शियम, टॉरिन कुठून मिळते याची चर्चा करावी. तयार अन्नाची एखादी रिकामी पिशवी मिळाली तर तिच्यावरचे आकडे फळ्यावर लिहावेत आणि विचारावे, ‘हा प्रथिनांचा आकडा कसा काढला असेल?’ त्यानंतर मुलांनी आपल्या स्वतःच्या डब्याकडेही त्याच नजरेने पाहिले, तर तास सार्थकी लागला असे समजायला हरकत नाही.